दुसरं रक्त

“एकही मेला नाही,” ओस्वाल्दो म्हणाला. “कालपासून इथंच बसलोय. एकही नाही.”

डॉक्टर मारिसा निळ्या टाकीचा काठ धरून उभी होती. कोर्दोबाची बैठक आटोपून ती बसने परतली होती आणि घरी न जाता थेट संशोधन संस्थेत आली होती. खांद्यावरची पिशवीही तिने उतरवली नव्हती. टाकीत बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे थव्याने फिरत होते. पाण्यात बुडबुडे सोडणारं लहानसं यंत्र बॅटरीवर घुरघुरत होतं.

आदल्या दुपारी सोंदा सुटला होता. डोंगरावरून उतरणारा तो गरम, कोरडा वारा जोरात आला की अर्जेंटिनातल्या मेंदोसात झाडं पडतात आणि तारा तुटतात. वीज गेली आणि माशांच्या खोलीतला पंप थांबला. माशांची देखभाल करणारी ताती शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडलेल्या झाडांच्या पलीकडे अडकली. तिने ओस्वाल्दोला फोन केला, कारण तो दोन गल्ल्यांवर राहत होता आणि इथंच काम करणाऱ्या त्याच्या बायकोची, निदियाची, खोलीची किल्ली त्याच्याकडेच राहिली होती. बायको वारल्यावर ती कुणी परत मागितली नव्हती. त्यानेही आपणहून दिली नव्हती.

ओस्वाल्दो जन्मभर पाटकरी होता. कालव्याचं पाणी पाळीपाळीने द्राक्षबागांना सोडायचं काम त्याने हात थकेपर्यंत केलं होतं. मांडणीवरच्या प्लास्टिकच्या डब्यांत मासे वर येऊन तोंडं उघडत होते. अंगणातल्या निळ्या टाकीत पाणी भरपूर होतं, आणि बुडबुड्यांचं यंत्रही होतं. त्याने पहारेकऱ्याला हाताशी घेतलं आणि एकेक डबा टाकीत रिकामा केला. मग डबे स्वच्छ धुऊन भिंतीशी उपडे रचून ठेवले. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या भिजू नयेत याचीही त्याने काळजी घेतली.

मारिसाने त्या डब्यांकडे पाहिलं, मग टाकीकडे.

“यांतले पेद्रो कुठले?”

“आहेत की. सगळे त्यातच आहेत.”

“हो,” मारिसा म्हणाली. “सगळे त्यातच आहेत.”

तेवढ्यात ताती आली. सायकल तशीच भिंतीला टेकवून ती टाकीवर वाकली आणि वाकलेलीच राहिली. “काका,” ती म्हणाली, “सगळे डबे एकाच टाकीत ओतलेत तुम्ही?”

“पाणी तिथंच होतं, पोरी.”

“मला वाटलं, बादल्या घ्याल. डब्याला एक बादली.”

“बादल्यांत किती वेळ जगले असते?”

ओस्वाल्दोने जाळी उचलली. “तू दाखव, मी काढतो. माझा हात अजून स्थिर आहे.”

“काय दाखवू? निदियाबाई असत्या तरी त्यांनाही ओळखता आले नसते. वरून सगळे एकसारखेच.”

मारिसाने पिशवी खाली ठेवली. “बाकीच्या डब्यांतले ओळखू येतील. शेपटीचा कण यंत्रात घातला की कळतं. पेद्रोचं तसं होत नाही.” ती तातीशी बोलत होती, ओस्वाल्दोशी नाही. “पेद्रो गेला, ताती.”

जाळी हातात धरून ओस्वाल्दो उभा राहिला. त्याच्या बुटांत अजून पाणी होतं. आपण काहीतरी वाचवलं असं त्याला कालपासून वाटत होतं. काय घालवलं, ते आता कळलं होतं.

पेद्रो हिमेनेस हे माणसाचं नाव नव्हतं. मेंदोसात ते एका पांढऱ्या द्राक्षाचं नाव आहे. त्याची वाइन मोठ्या बाटलीतून मिळते आणि लोक ती सोडा घालून पितात. पट्ट्यांच्या माशांवर काम करणाऱ्या लोकांत एक रीत आहे. ज्या माशांच्या रक्तात काही बिघाड असतो त्यांच्या वाणाला वाइनचं नाव द्यायचं. रक्त जितकं फिकं, तितकी वाइन पांढरी. हा वाण निदियाला सापडला होता म्हणून नाव ठेवायचा मान तिचा होता. मारिसाने दोन-चार उंची नावं सुचवली होती. निदियाने ऐकलं नाही. आमच्या लग्नात जी प्यायलो तीच, असं ती म्हणाली. तेव्हापासून संस्थेत रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, पेद्रोला खायला घातलं का, पेद्रो आज रुसलाय का. नवीन आलेल्यांना पेद्रो हा कुणी म्हातारा शिपाई वाटायचा.

निदिया द्राक्षं उतरवायच्या दिवसांत गेली. बाजारातून येताना थकवा आला म्हणून ती फुटपाथच्या कडेला बसली, ती उठलीच नाही. कांद्यांची पिशवी शेजाऱ्याने घरी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी ओस्वाल्दो पुन्हा संस्थेत आला. मारिसा चहाच्या खोलीत एकटीच बसली होती. तिने येर्बाच्या कडू चहाने भरलेला भोपळ्याचा पेला त्याच्यापुढे केला. त्याने नळीने एक घोट घेतला आणि म्हणाला, “मी माफी मागायला नाही आलो. माफीनं मासे वेगळे होत नाहीत.”

“मग?”

“त्या माशांत काय होतं ते सांगा. मी काय घालवलं ते तरी कळू दे.”

मारिसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. “निदिया घरी काही बोलायची नाही?”

“घरी ती मला विचारायची. आज कुठला पाट सोडला, कुणी पाटाचं दार फोडलं, कुणाशी भांडलो. मासे ती इथंच ठेवून यायची.”

मारिसाने भोपळ्यात गरम पाणी ओतलं. “रक्त कुठून येतं असं वाटतं तुम्हाला?”

“हृदयातून.”

“हृदय नुसतं ढकलतं.”

“म्हणजे पंप.”

“पंप.”

“पंपातून पाणी तयार होत नाही,” ओस्वाल्दो म्हणाला. “मग येतं कुठून?”

“दोनदा येतं. अंड्यातल्या पिल्लाचं पहिलं रक्त घाईचं असतं. वाढायला श्वास लागतो ना, म्हणून अंगाच्या मधल्या पट्ट्यातल्या काही पेशी तिथल्या तिथं रक्त होतात. ते फार दिवस पुरत नाही. तोवर दुसऱ्याची तयारी व्हावी लागते.”

“आणि दुसरं?”

“पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून.”

“भिंतीतून?”

“भिंतीतल्याच काही पेशी. शेजारणींना धरून बसलेल्या असतात. वेळ आली की त्या गोल होतात, सुटतात आणि वाहत्या रक्तात पडतात. आधी शेपटीकडे मुक्काम करतात, तिथं वाढतात, मग मूत्रपिंडात घर करतात. पुढं जन्मभराचं रक्त त्यांच्यापासून.”

“माशांचं.”

“आपलंही. आपल्यात शेवटचा मुक्काम हाडांत असतो, एवढाच फरक. आईच्या पोटात पहिल्या काही आठवड्यांत भिंतीतून मूठभर पेशी उठतात. तुमच्या अंगात आत्ता जे रक्त आहे ते त्यांच्याच वंशातलं.”

ओस्वाल्दोने स्वतःच्या हाताच्या पालथ्या बाजूकडे पाहिलं. तिथे शिरा वर आल्या होत्या. “निदियाचंही?”

“सगळ्यांचंच.”

मग ओस्वाल्दोने विचारलं, “आणि पेद्रोत?”

“पेद्रोत पहिलं रक्त येतं. दुसरं येत नाही. भिंतीतल्या पेशी उठतच नाहीत. त्यांना उठवणारं एक जनुक आहे. आम्ही ते पेद्रोत अक्षर न् अक्षर वाचलं. धडधाकट आहे. वेल चांगला आहे, पण पाणी सोडायचं दार उघडत नाही.”

ओस्वाल्दो पुढे सरकला. “दार कुणी उघडायचं?”

“त्यालाही पाटकरी असतात. दुसरी जनुकं. एकट्यानं उघडत नाही. चार-पाच जणांनी एका वेळी हात लावला तरच.”

“भांडणं होत असतील.”

“होतात. आणि एकाच वेलाला पाण्याच्या बऱ्याच चाऱ्या असतात. मज्जातंतूंची वेगळी, रक्ताची वेगळी. पेद्रोत मज्जातंतूंची चारी नीट चालू आहे. तिथं तेच जनुक व्यवस्थित काम करतं. फक्त रक्तवाहिनीच्या भिंतीत कोरडं पडतं.”

“मग सरळ आहे. रक्ताच्या चारीचं दार बघायचं.”

“ते कुठं आहे तेच सापडत नाहीये. दार वेलाच्या शेजारीच असतं असं नाही. खूप लांब असू शकतं, मध्ये दुसऱ्यांचे मळे. म्हणून तर शेपटीचा कण यंत्रात घालून उपयोग नाही. काय शोध म्हणून सांगणार यंत्राला?”

“लांबची दारं मीही पाहिलीत,” ओस्वाल्दो म्हणाला. “एक तर आमच्या हद्दीतच नव्हतं. तीन वर्षं आम्ही आमच्याच पाटात खोदत बसलो.” मग तो थांबला. “तुम्हाला पाटकऱ्याचं कुठून सुचलं? तुम्ही तर रोसारियो शहरातल्या.”

“माझं नाही ते. निदियाचं आहे. नवीन पोरं आली की ती असंच समजवायची. ‘माझा नवरा एक दिवस झोपला तर अख्खी आळी वाळते,’ म्हणायची. मग पोरांना कळायचं.”

ओस्वाल्दोने भोपळा परत दिला. तो केव्हाच रिकामा झाला होता तरी आपण नळी ओढत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“सापडायला मार्ग आहे का?” त्याने विचारलं.

मार्ग एकच होता, आणि तो लांबचा होता. पेद्रोचे मोठे मासे दिसायला निरोगीच असतात. बिघाड त्यांच्या पोटात लपून राहतो. असे दोन वाहक जोडीला लागले तरच चार पिल्लांमागे एक फिकं निघतं. टाकीतले जे मासे यंत्राला ओळखता येत होते ते आधी काढून घ्यायचे. उरले त्यांच्या जोड्या लावायच्या, अंडी घ्यायची आणि पिल्लं सांभाळून पाहायची. तेही लगेच कळत नाही. पहिलं रक्त असेपर्यंत सगळी पिल्लं सारखीच लाल दिसतात. पूर्वी इथली रीत होती की दुसऱ्या दिवशी रक्त लाल दिसलं की पिल्लं ठीक समजायची आणि टाकून द्यायची. निदियाला टाकवत नसे. ती दोन-चार वाट्या कागदी रुमालांच्या खोक्यामागे लपवून ठेवायची आणि त्यांना चोरून खायला घालायची. म्हणूनच दुसऱ्या आठवड्यात फिकी पडलेली पिल्लं तिलाच दिसली होती.

“मासे म्हातारे झालेत,” मारिसा म्हणाली. “उन्हाळ्यानंतर अंडी देणार नाहीत. आणि मला एवढ्यासाठी माणूस देता येणार नाही.”

“मी आहे की. मला काय काम आहे घरी?”

तो रोज येऊ लागला. तातीने त्याला शिकवलं. संध्याकाळी लहान डब्यात एक नर, एक मादी, मध्ये पारदर्शक पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. उजेड झाला की हे मासे अंडी घालतात. डब्याच्या तळाला जाळी असते, अंडी तिच्यातून खाली पडतात. नाहीतर आईबापच ती खातात.

“काका, तुम्ही लग्नं जुळवणारे झालात,” ताती म्हणायची. “माझ्यासाठी पण बघा कुणी. पट्टे नसले तरी चालेल.”

“तुझा स्वभाव ऐकून नर पडद्याच्या पलीकडेच राहील.”

“निदियाबाईंनी तुमचा स्वभाव ऐकून केलं होतं का?”

“ती बहिरी होती थोडी. त्या कानानं.”

पिल्लांच्या वाट्यांवर तो स्वतःच्या हाताने जोडीचा क्रमांक लिही. भिंगाखाली पाहायलाही शिकला. पहिल्यांदा त्याला काहीच दिसेना. त्याला स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. ताती हसली आणि तिने त्याचं डोकं धरून थोडं मागे ओढलं. मग दिसलं. पिल्लू काचेसारखं आरपार होतं. छातीशी काहीतरी उघडत-मिटत होतं, आणि त्याच्यातून बारीक लाल दाणे एकामागे एक धावत होते. शेपटीच्या टोकाला ते वळत आणि परत येत. ओस्वाल्दो पाठ दुखेपर्यंत पाहत राहिला.

“हे ती रोज बघायची?”

“रोज. जेवण विसरायच्या.”

“घरी येऊन दोन माणसांचं जेवायची, ते याच्यामुळं होय?”

एकदा मारिसाने त्याला संगणकाच्या पडद्यावर दुसरं काही दाखवलं. तिथल्या माशांच्या रक्तवाहिन्या हिरव्या चमकत होत्या. रक्तवाहिनीची खालची भिंत सरळ रेघेसारखी दिसत होती. त्या रेघेत एक पेशी वाकू लागली. तिची पाठ वर आली, तिने दोन्ही बाजूंच्या शेजारणींना सोडलं, त्या शेजारणी तिच्या मागे सरकून एकमेकींना चिकटल्या, आणि ती गोल होऊन निघाली. भिंतीत भोकही राहिलं नाही.

“परत लावा,” ओस्वाल्दो म्हणाला.

तिने परत लावलं.

“हिलाच कसं कळलं? शेजारच्या दोघी तर बसूनच राहिल्या.”

“शेजारून काही खुणा येतात. वाहत्या रक्ताचा धक्काही लागतो भिंतीला, त्याचाही हात असतो. पण हीच का आणि ती का नाही, हे पूर्ण कुणालाच माहीत नाही.”

“पाण्यामुळंच दार उघडतं म्हणजे.”

“थोडंफार.”

“आमच्याकडे असं असतं तर मला पगार कशाला दिला असता,” ओस्वाल्दो म्हणाला, आणि त्या दिवशी मारिसा पहिल्यांदा त्याच्याशी मोकळेपणाने हसली.

जोड्या लागत होत्या. पिल्लं लाल निघत होती आणि लालच राहत होती. काही माद्यांनी अंडीच दिली नाहीत. दर आठवड्याला एखादा मासा टाकीच्या तळाशी मिळायचा. ओस्वाल्दो तो उचलून कागदात गुंडाळायचा आणि तातीकडे द्यायचा. नोव्हेंबरात कालव्यांना पाणी वाढलं. त्याचे जुने सोबती पाटाच्या दारांवर कामाला बोलवायला आले. तो गेला नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला मारिसा म्हणाली, “नाताळच्या आधी मांडणी रिकामी करायचीय. नवीन वाण येतोय. त्यानंतर यांना ठेवता येणार नाही.”

“किती जोड्या राहिल्यात?”

“थोड्या. आणि ज्या राहिल्यात त्या राहण्यासारख्याच आहेत. म्हातारे सगळे.”

“म्हाताऱ्यांचंही होतं कधी कधी,” ताती म्हणाली. कुणी हसलं नाही.

राहिलेल्यांत एक मादी होती, पाठ थोडी वाकलेली. तिने मोजकीच अंडी दिली. त्यांतलीही बरीच पांढरी पडून गेली. उरलेली पिल्लं ओस्वाल्दोने वाटीत ठेवली, दोन वेळा खायला घातलं, पाणी बदललं. पहिल्या आठवड्यात सगळी लाल होती. दुसऱ्या आठवड्यात तो बँकेत निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभा असताना फोन वाजला.

“काका, या,” ताती म्हणाली.

“काय झालं?”

“तुम्ही या आधी.”

तो रांग सोडून आला. तातीने वाटी भिंगाखाली लावूनच ठेवली होती. त्याने डोळे लावले. तीन पिल्लांत दाणे धावत होते. चौथ्यात हृदय उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. त्यातून काही जात नव्हतं. शेपटीपर्यंतची वाट रिकामी आणि स्वच्छ होती. पिल्लाला त्याची काही खबर नव्हती. ते शेपटी झटकून भिंगाच्या कडेला गेलं. ओस्वाल्दोने वाटी सरकवली. आणखी एक तसंच होतं. मग आणखी एक.

“सापडला,” ताती मागून म्हणाली. “काका, पेद्रो सापडला.”

ओस्वाल्दोने डोळे काढले नाहीत. एवढे महिने तो याचीच वाट पाहत होता. सापडल्यावर काय दिसेल हे त्याला सांगितलेलं होतं, तरी त्याने ते कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं.

“ही जगणार नाहीत.”

“नाही.”

“दुखतं का त्यांना?”

“माहीत नाही. निदियाबाईंनीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं. मग अर्धा तास अंगणात जाऊन बसल्या. मग हात धुऊन कामाला लागल्या.”

मारिसा आली. तिने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खुर्चीवर बसली. फिक्या पिल्लांची तपासणी करायची तर ती मरायच्या आत करायला हवी होती. गुंगीचं पाणी तयार केलं, तेव्हा तिने ओस्वाल्दोला विचारलं, “तुम्ही बाहेर जाता का?”

“नाही. वाटी मी धरतो.”

त्याने दोन्ही हातांनी वाटी धरली. मारिसा बारीक नळीने एकेक पिल्लू उचलून गुंगीच्या पाण्यात सोडत होती. शेवटचं पिल्लू दोनदा नळीतून निसटलं. ओस्वाल्दोने वाटी तिरकी केली, पाणी एका बाजूला जमलं, आणि ते सापडलं.

“थोडं कळेल यांच्यावरून,” मारिसा म्हणाली. “दाराच्या थोडं जवळ जाऊ.”

“जा,” ओस्वाल्दो म्हणाला.

पाठ वाकलेली मादी नाताळच्या आधीच मेली. नर अजून आहे, पण तो आता माद्यांच्या मागे जात नाही. त्या जोडीची लाल पिल्लं ओस्वाल्दोने आणि तातीने इथल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हाळाभर वाढवली. सुट्टीत संस्था बंद असतानाही तो रोज सकाळी येऊन खायला घालत होता. आता ती वीतभर डब्यात थव्याने फिरतात, पट्टे नीट उमटलेत, आणि पहिल्या माद्यांची पोटं भरू लागलीत. मारिसाच्या हिशोबाने तीनांतली दोन वाहक असावीत.

ती कोणती, हे अजून पाहिलेलं नाही. जोड्या लावायच्या राहिल्या आहेत.